लोहचुंबकाने पेशी वेचणे: तालुक्याच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेसाठी

उन्हाळ्यात वर्धा नदीची वाळू उघडी पडली, की दोरीला बांधलेलं लोहचुंबक तिच्यातून ओढत न्यायचं. दहा-वीस पावलांत त्याला काळ्या कणांची दाट मिशी फुटते. आपल्याकडच्या बहुतेक पोरांनी हा खेळ खेळलेला आहे. ते काळे कण म्हणजे दख्खनच्या काळ्या दगडातून, बेसॉल्टमधून झिजून आलेलं मॅग्नेटाइट आणि टायटॅनियम मिसळलेली त्याची भावंडं. याच जातीचं लोहाचं ऑक्साइड अतिशय बारीक करून त्याला नीट सजवलं, तर दुधातल्या लाखो निरुपद्रवी जिवाणूंमधून एक घातक जिवाणू वेचून काढता येतो.

मी तालुक्याच्या गावी पदवीच्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. हे तंत्र मोठ्या शहरातल्या मोठ्या यंत्रांचंच आहे, असा समज आमच्या मुलांमध्ये होता. तो खरा नाही. सेंट्रिफ्यूज नसलं तरी चालतं. लागतं ते चांगलं चुंबक, स्थिर हात, आणि प्रत्येक वेळी शेजारी ठेवलेली एक कोरी नळी, म्हणजे जिच्यात चुंबकी कण घातलेलेच नाहीत अशी. या कोऱ्या नळीबद्दल मी पुन्हा पुन्हा बोलणार आहे, कारण सगळ्यात आधी तीच वगळली जाते.

चुंबक ओढतं, ओळखत नाही

पेशीला चुंबक ओढत नाही. ओढतं ते तिला चिकटलेल्या कणाला. आणि कण कुणाला चिकटायचं हे ठरतं त्याच्या अंगावर बसवलेल्या प्रतिपिंडावरून. शरीर रोगजंतूविरुद्ध तयार करतं तेच हे प्रथिन, एका ठरावीक प्रतिजनालाच, म्हणजे जंतूच्या अंगावरच्या ठरावीक खुणेलाच, धरणारं. वेचणीला गेलेली बाई बोंडातला कापूस तेवढा घेते, कवडी आणि पाती झाडावरच ठेवते. तिच्या बोटांचं काम इथे प्रतिपिंड करतं, आणि गाठोडं उचलून नेण्याचं काम चुंबक.

मग नदीतली काळी वाळू कुटून का वापरू नये? मुलं हे हमखास विचारतात, आणि प्रश्न चांगला आहे. मोठ्या कणांमध्ये चुंबकत्व मागे राहतं. चुंबक दूर नेलं तरी ते एकमेकांना धरून बसतात, गोळे होतात. कण काही नॅनोमीटरचे असले की गोष्ट बदलते: चुंबक जवळ असेपर्यंत ते चुंबकासारखे वागतात, दूर नेलं की सगळं विसरतात आणि द्रवात पुन्हा मोकळे होतात. याला सुपरपॅरामॅग्नेटिक म्हणतात. बाजारातल्या बीड्समध्ये असे बारीक कण प्लास्टिकच्या गोळीत विखुरलेले असतात. सगळ्या गोळ्या एकाच मापाच्या करणं हे अवघड काम नॉर्वेतल्या ट्रॉनहाइम इथे जॉन उगेलस्टाड यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी साधलं आणि तिथून ही पद्धत जगभर गेली.

आज मिळणाऱ्या बीड्सची नेहमीची मापं १, २.८ आणि ४.५ मायक्रॉन. साधारण ५० नॅनोमीटरचे कणही मिळतात, पण ते साध्या चुंबकाला दाद देत नाहीत. त्यांना लोखंडी भरण असलेली स्तंभनळी चुंबकात ठेवून वापरावं लागतं. आपल्यासाठी २.८ मायक्रॉनच्या बीड्स सोयीच्या. ई. कोलाय जिवाणू सुमारे २ मायक्रॉन लांब आणि १ मायक्रॉन रुंद, म्हणजे संत्र्याला भुईमुगाची शेंग चिकटावी तेवढं प्रमाण.

चुंबक आणि त्याचा ठोकळा

तयार स्टँड महाग असतो. जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये निओडिमियमची चपटी चुंबकं असतात आणि भंगारवाल्याकडे अशा डिस्क मिळतात. स्पीकरमधलं काळं फेराइट चुंबक तुलनेने फार कमजोर, ते नको. सुताराकडून सागवानाचा छोटा ठोकळा करून घ्या. त्यात १.५ मिलीची नळी घट्ट बसेल असं छिद्र, आणि छिद्राच्या एका बाजूला चुंबकासाठी खाच. चुंबक नळीच्या भिंतीला अगदी टेकलं पाहिजे. चुंबकाची ओढ अंतरासोबत झपाट्याने कमी होते, दोन-तीन मिलिमीटरची फट राहिली तरी फरक डोळ्यांना दिसतो. आणि चुंबक बाजूलाच हवं, तळाशी नको. तळाशी ठेवलं तर ओढून आलेलं काय आणि वजनाने खाली बसलेलं काय, हे कळणारच नाही.

दोन निओडिमियम चुंबकं एकमेकांवर आदळली की मध्ये आलेलं बोट चिरडतात. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी ती हाताळू नयेत.

आधी यीस्टवर हात बसवा

विकतच्या बीड्स उघडण्याआधी मी मुलांकडून घरचे कण करून घेतो. इथे प्रतिपिंड नाही, फक्त विद्युतभाराची ओढ आहे. पण धुणं, थांबणं, मोजणं हे सगळं इथेच शिकून होतं.

लागणारी दोन लवणं: फेरिक क्लोराइड आणि फेरस सल्फेट. फेरस सल्फेट म्हणजे आपलं हिराकस. संत्र्याच्या बागेत पानं पिवळी पडली की कृषी केंद्रातून आणतात तेच. पण पोत्यातलं हिराकस बरेचदा हवेने तपकिरी झालेलं असतं. प्रयोगासाठी प्रयोगशाळेच्या दर्जाचे, स्वच्छ हिरवट खडे घ्या.

ऊर्ध्वपातित पाणी उकळून, झाकून निववा, म्हणजे त्यातला ऑक्सिजन निघून जाईल. असं १०० मिली पाणी घेऊन त्यात ५.४ ग्रॅम फेरिक क्लोराइड (सहा रेणू पाणी असलेलं) आणि २.७८ ग्रॅम फेरस सल्फेट (सात रेणू पाणी असलेलं) विरघळवा. यात फेरिक आणि फेरस लोहाचं प्रमाण दोनास एक पडतं, आणि मॅग्नेटाइटला नेमकं तेच हवं. द्रावण ७० ते ८० अंशांपर्यंत तापवा. आता फ्यूम हूडमध्ये, तो नसेल तर सगळ्या खिडक्या उघडून, २५ टक्क्यांचं अमोनिया सुमारे २० मिली हळूहळू घाला. गॉगल आणि हातमोजे घालूनच. फेरिक क्लोराइडचा डाग कपड्यावरून जात नाही, आणि अमोनियाची वाफ डोळ्यांना झोंबते.

ढवळायला काचेची कांडी घ्या. चुंबकी स्टिरर वापरलात तर तयार झालेला सगळा माल त्याच्या दांडीलाच जाऊन बसेल.

पहिल्या काही मिलीतच नारिंगी द्रावण काजळासारखं काळं होतं. हा क्षण मुलांना दाखवण्यासारखा आहे. रंग काळा न होता तपकिरी राहिला तर हिराकस जुनं होतं किंवा हवा फार मिसळली. ते फेकून पुन्हा करा, पुढे जाऊन उपयोग नाही. अर्धा तास ढवळल्यावर बीकरच्या बाहेरून चुंबक लावा, वरचं पाणी ओता, नवं घाला. लिटमस उदासीन येईपर्यंत हेच करत राहा. सहा-सात धुण्या लागतात. हे वजनात साधारण सव्वादोन ग्रॅम मॅग्नेटाइट होतं आणि एका वर्गाला वर्षभर पुरतं.

बेकरीत वापरतात ते कोरडं यीस्ट १ ग्रॅम घेऊन कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, दोनदा धुवा, आणि ४.५ पीएचच्या ॲसिटेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) घ्या. हा पीएच मुद्दाम निवडलेला आहे. या आम्लतेला लोहाच्या ऑक्साइडवर धन भार असतो आणि यीस्टच्या भिंतीवर ऋण, म्हणून दोघं एकमेकांना धरतात. सवयीने फॉस्फेट बफर उचलू नका. फॉस्फेट लोहाच्या पृष्ठभागाला स्वतःच घट्ट चिकटतं आणि यीस्टला जागा राहत नाही.

हिमोसायटोमीटरच्या (पेशी मोजायच्या आखलेल्या काचेच्या) मोठ्या चौकोनात सुमारे १०० पेशी दिसतील इतकं यीस्ट पातळ करा आणि १० मिलीच्या दोन नळ्या भरा. एकीत कणांचा काळा गाळ अर्धा मिली घाला. दुसरीत तेवढाच नुसता बफर घाला. ही पहिली कोरी नळी. दोन्ही दहा मिनिटं हलक्या हाताने उलटसुलट करा, मग दोन्ही चुंबकाला पाच मिनिटं लावा आणि वरच्या द्रवातल्या पेशी मोजा.

समजा आधी ९६ होत्या आणि कणांच्या नळीत ७ उरल्या. म्हणजे ९३ टक्के ओढल्या गेल्या असं मुलं लगेच लिहून टाकतात. आता कोरी नळी मोजायला लावा. यीस्ट जड असतं, चुंबकाशिवायही हळूहळू खाली बसतं. कोऱ्या नळीत ९६ च्या ८८ झाल्या असतील तर त्या ८ पेशींचं श्रेय चुंबकाला देता येत नाही. शेजारची नळी का ठेवायची ते इथे एकदा मुलांच्या हाताने मोजून झालं, की पुढे सांगावं लागत नाही.

काळ्या थेंबाची एक काच सूक्ष्मदर्शकाखाली बघा. यीस्टच्या गोल पेशींच्या कडेला काळे ठिपके बसलेले दिसतात, काही पेशी तर पूर्ण काजळलेल्या.

खरं काम: दुधातला ई. कोलाय ओ१५७

ई. कोलाय आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतो आणि बहुतेक जाती निरुपद्रवी असतात. ओ१५७:एच७ ही जात वेगळी. १९८२ साली अमेरिकेत तिची रोगकारक म्हणून ओळख पटली. ती गुरांच्या आतड्यात राहते आणि गुरं आजारी दिसत नाहीत. माणसाला रक्ताची हगवण होते, आणि लहान मुलांमध्ये कधीकधी मूत्रपिंडं निकामी होतात. फार थोडे जिवाणूही पुरतात, म्हणूनच तिला शोधायला वेचणीचं तंत्र लागतं. दूध नीट उकळल्यावर ती मरते. कच्चं, निरसं दूध पाजण्याची रीत अजून अनेक घरांत आहे, त्यामुळे हा विषय माझ्या दृष्टीने नुसता अभ्यासक्रमाचा नाही.

एक अट. प्रशिक्षित शिक्षक, जैवसुरक्षा कॅबिनेट आणि ऑटोक्लेव्ह नसेल तर हा भाग करू नका, यीस्टवरच थांबा. तुलनेसाठी जिवंत ओ१५७ लागला तर विष न बनवणारी एनसीटीसी १२९०० ही जात वापरा, रुग्णाकडून आलेली कधीच नाही.

संकलन केंद्राच्या कॅनमधून निर्जंतुक बाटलीत दूध घ्या, बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत आणा. २५ मिली दूध २२५ मिली सुधारित ट्रिप्टोन सोया ब्रॉथमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या द्रवात, घाला. त्यात दर लिटरला २० मिलिग्रॅम नोव्होबायोसिन हे प्रतिजैविक असावं आणि ब्रॉथ आधीच ४१.५ अंशांवर आणलेला असावा. त्याच तापमानाला ठेवून पहिला नमुना ६ तासांनी काढा, दुसरा रात्रभरानंतर. ही वाढ वगळता येत नाही. २५ मिलीत दोन-चारच जिवाणू असतील तर बीड्सना ते सापडायला आधी वाढावे लागतात.

नळ्या चार. नमुना आणि बीड्स. ओ१५७ ची माहीत असलेली जात आणि बीड्स. साधा ई. कोलाय आणि बीड्स. चौथीत नमुना, पण बीड्स नाहीत.

इथल्या बीड्स ओ१५७ चा प्रतिपिंड बसवलेल्या, विकतच्या. त्यांची कुपी आधी हलक्या हाताने फिरवून एकजीव करा, कारण तळाशी बसलेल्या बीड्सवरचं नुसतं पाणी पिपेटमध्ये येणं ही नेहमीची चूक आहे. पहिल्या तीन नळ्यांमध्ये २० मायक्रोलिटर बीड्स आणि प्रत्येक नळीत १ मिली ब्रॉथ. दुधाची साय वर आलेली असते, म्हणून पिपेट तिच्याखालून, मधल्या थरातून भरा. मग दहा मिनिटं सतत फिरवणं. रोटेटर नसेल तर मुलांना जोडीने बसवून हाताने नळी सावकाश उलटी-सुलटी करायला लावा. थांबलात तर बीड्स खाली बसतात, आणि जिवाणू त्यांच्याकडे चालत येत नाहीत. व्हॉर्टेक्स (नळी जोरात घुसळणारं यंत्र) मात्र नको. धरलेले जिवाणू त्याच्या झटक्याने सुटतात.

आता ठोकळा. नळ्या चुंबकाला लावून तीन मिनिटं थांबा. मधूनमधून ठोकळ्यासकट तिरप्या करा, म्हणजे झाकणात अडकलेल्या बीड्सही खाली येतील. चहाच्या पाण्यासारखा गढूळ द्रव निवळत जातो आणि भिंतीवर तिळाएवढा तपकिरी ठिपका उमटतो. ठिपक्याच्या समोरच्या बाजूने, पिपेटचं टोक तळाशी नेऊन, सावकाश द्रव काढा. नळी ठोकळ्यातून न काढता. घाई केलीत तर ठिपका पिपेटमध्ये सरकताना दिसेल. तसं झालं तर सगळं परत नळीत सोडा आणि पुन्हा तीन मिनिटं थांबा, काही बिघडत नाही.

नळी बाहेर काढा, ०.०५ टक्के ट्वीन-२० (साबणासारखं सौम्य द्रव्य) घातलेला फॉस्फेट सलाईन बफर १ मिली टाका, आणि हलकेच उलटीपालटी करत ठिपक्यातल्या बीड्स द्रवात पूर्ण मोकळ्या होऊ द्या. (या बीड्सच्या अंगावर प्लास्टिक आहे, लोह उघडं नाही, म्हणून फॉस्फेट इथे चालतं.) पुन्हा चुंबक, पुन्हा काढणं. असं तीनदा. दुसऱ्या धुण्याच्या वेळी सगळं नव्या नळीत घ्या. दुधाची चरबी आणि फुकटचे जिवाणू प्लास्टिकच्या भिंतीलाही चिकटून राहतात आणि शेवटी तेच प्लेटवर उगवतात. माझ्या अनुभवात दुधाच्या नमुन्यांचे निम्मे गोंधळ या एका नळीबदलाने मिटले. ठिपका कधीही कोरडा पडू देऊ नका.

शेवटी १०० मायक्रोलिटर बफरमध्ये बीड्स घ्या. १ मिलीतला माल आता दहापट दाट झाला आहे, आणि बरोबरची गर्दीही मोठ्या प्रमाणात गेली आहे. त्यातले ५० मायक्रोलिटर सेफिक्सिम आणि टेल्युराइट (इतर जिवाणूंना रोखणारी द्रव्यं) घातलेल्या सॉर्बिटॉल मॅकॉन्की अगारवर पसरा, उरलेले ५० दुसऱ्या एखाद्या निवडक माध्यमावर. ३७ अंशांवर १८ ते २४ तास.

साधा ई. कोलाय सॉर्बिटॉल आंबवतो आणि त्याच्या वसाहती गुलाबी येतात. ओ१५७ आंबवत नाही, त्याच्या फिकट, जवळपास रंगहीन येतात. पण फिकट वसाहत म्हणजे ओ१५७ असं नाही, प्रोटिअससारखे इतरही तशाच दिसतात. वसाहत वेगळी वाढवून इंडोल चाचणी करा, मग ओ१५७ च्या लॅटेक्सने (प्रतिपिंड लावलेल्या रबरी कणांच्या द्रवाने) गोळे होतात का ते बघा. ती विष बनवते की नाही हे जनुकांच्या पीसीआरवरूनच (जनुकाच्या प्रती वाढवून ते शोधणाऱ्या चाचणीवरूनच) कळतं. ते काम मोठ्या प्रयोगशाळेचं.

काळ्या मातीने शिकवलेली गोष्ट

एका जुलैत, पहिल्या मोठ्या पावसानंतर, आमच्या एका विद्यार्थ्याने वावरातल्या विहिरीचं पाणी आणलं होतं. पाणी गढूळ होतं, म्हणून गाळणी न लावता थेट ब्रॉथमध्ये घातलं. चुंबकाला लावल्यावर नमुन्याच्या नळीत छान जाड ठिपका आला. तेवढ्यात तो म्हणाला, "सर, या नळीत बीड्स टाकलेच नाही, तरी काळं दिसून राह्यलं."

चौथी नळी होती ती. ठिपका बीड्सचा नव्हताच, काळ्या मातीतल्या मॅग्नेटाइटचा होता. नदीच्या वाळूत खेळलेला तोच खनिज कण पुरासोबत विहिरीत उतरला होता. असा गाळ स्वतःसोबत वाटेल ते जिवाणू ओढून आणतो, बीड्सच्या ठिपक्यात मिसळतो, आणि धुताना ठिपका फुटतो. ती नळी ठेवली नसती तर मी त्या दिवशी चुकीचा निकाल वहीत लिहिला असता.

तेव्हापासून विहिरीच्या, नाल्याच्या पाण्याला आम्ही एक पायरी वाढवली आहे. ब्रॉथ दहा मिनिटं स्थिर ठेवायचा, वरचा भाग नव्या नळीत घ्यायचा, बीड्स घालण्याआधीच ती नळी पाच मिनिटं चुंबकाला लावायची, आणि निवळ द्रव तिसऱ्या नळीत ओतून मग बीड्स घालायच्या. काळ्या जमिनीच्या पट्ट्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने हे करावं असं मी आग्रहाने सांगेन. किटसोबत आलेल्या कागदावर ही पायरी तुम्हाला सापडणार नाही.

ऊन, वीज आणि थंड पेटी

कागदावर "खोलीच्या तापमानाला" असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ २० ते २५ अंश, चंद्रपूरच्या मे महिन्यातली खोली नव्हे. उन्हाळ्यात काम पहाटे सहाला सुरू करून नऊच्या आत आटपा, बफरची बाटली माठाच्या पाण्यात बसवा. दुसरं, साधा इनक्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. बाहेर ४४ अंश असताना त्याचा काटा ३७ वर लावला तरी आत ३७ होत नाहीत. एक तर थंड करणारा बीओडी इनक्युबेटर हवा, नाहीतर दिवाळी ते होळी या काळात हे प्रयोग लावा.

बीड्स २ ते ८ अंशांवर ठेवायच्या आणि कधीही गोठू द्यायच्या नाहीत. गोठलेल्या बीड्सचे गोळे होतात आणि प्रतिपिंड निकामी होतो. नागपूरहून एसटीने आणताना बर्फावर थेट ठेवू नका. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर लसींसाठी जी पेटी वापरतात ती उत्तम. आइसपॅक बाहेर काढून, हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत थांबायचं आणि मगच पेटीत भरायचं, ही त्यांची रीत तशीच उचला. फ्रिजमध्येही कुपी बर्फाच्या कप्प्याला लागून नको. वीज गेली तर दार उघडू नका. परत आल्यावर ओ१५७ ची माहीत असलेली नळी लावून बघा, तिच्यातूनच काही उगवलं नाही तर कुपी गेली असं समजा.

गडचिरोलीकडच्या मुलांसाठी

कण न घालताही चुंबकाला दाद देणाऱ्या पेशी आहेत आणि त्यांचा संबंध आपल्या जंगलपट्ट्याशी आहे. हिवतापाचा परजीवी लाल पेशीतलं हिमोग्लोबिन खातो आणि उरलेलं लोहयुक्त हीम स्वतःला बाधू नये म्हणून त्याचे तपकिरी स्फटिक करून ठेवतो. हे हिमोझोइन चुंबकाकडे ओढलं जातं. त्यामुळे लोखंडी भरणाच्या स्तंभनळीतून रक्त सोडलं की वाढलेल्या परजीवीच्या पेशी आणि गॅमिटोसाइट (परजीवीच्या नर-मादी अवस्था) अडकतात. कोवळ्या, अंगठीच्या अवस्थेतल्या पेशींत हिमोझोइन कमी असतं, त्या निसटतात. निदान मात्र आजही रक्ताच्या काचेवर आणि झटपट चाचणीवरच होतं, आणि रक्ताचं काम कॉलेजच्या टेबलावर करायचं नाही.

आवरताना

बीड्स एकदाच वापरायच्या, धुऊन पुन्हा नाही. बीड्ससकट नळ्या, टिप्स, प्लेट्स, उरलेला ब्रॉथ, सगळं १२१ अंशांवर १५ पौंड दाबाखाली २० मिनिटं ऑटोक्लेव्ह करा. लाकडी ठोकळा ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका. चुंबक काढून ७० टक्के अल्कोहोलने पुसा, आणि लाकडात द्रव सांडला असेल तर तो ठोकळा कचऱ्यात जाऊ द्या, सुतार दुसरा करून देईल. वहीत चारही नळ्यांचा निकाल लिहा, कोऱ्या नळीचा सगळ्यात आधी. दूध ज्या केंद्राचं होतं तिथे फिकट वसाहतीच्या भरवशावर काही कळवू नका. लॅटेक्सचा निकाल आणि मोठ्या प्रयोगशाळेचं उत्तर हातात आल्यावरच बोला. तोवर दूध उकळून प्या, एवढं मात्र कुणालाही, केव्हाही सांगता येतं.